कणगीतला पाहुणा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन दिवसांची रजा मागितली, तेव्हा आमचे लच्छूशेठ हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिले. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचं बिजागऱ्या, कड्या, हँडलांचं दुकान आहे. त्या काउंटरमागे माझी एकोणीस वर्षं गेली.

"छुट्टी? तुम्ही? साईं, तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. डोंगरात जायचंय जरा."

"घूमने? अकेले?"

"मिसेसना घेऊन."

"मग जावा ना, जावा! सेल्फी पाठवा."

मी सेल्फी पाठवणारा माणूस नाही, हे शेठना ठाऊक आहे. मी मुळात काही सांगणारा माणूसच नाही. घरात चार वाक्यं, दुकानात चाळीस, आणि तीही बिजागरीच्या मापाची. त्यामुळे हे प्रवासवर्णन लिहायला बसलोय, याचं मलाच नवल वाटतं. पण प्रवास झालाय, आणि तो सांगायचा शब्दही मी दिला आहे.

सकाळी बदलापूरला बेलवलीच्या घरातून निघताना वैशालीने बॅग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "अहो, दगड भरलेत की काय यात?"

"हो," मी म्हणालो.

तिने चेन उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, नारळाएवढा दगड. बाहेरून काळा, खडबडीत. एका बाजूने फुटलेला, आणि त्या फुटलेल्या पोकळीत फिकट हिरवे, पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक. आमच्या शोकेसमधला. लग्न होऊन ती घरात आली, त्याच्या आधीपासून तिथे असलेला.

"हा कुठे चाललाय?"

"ज्यांचा आहे त्यांच्याकडे."

"म्हणजे तुम्हाला सापडला नव्हता?"

मी बॅगेची चेन लावली. तेवीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं आहे, की माझ्या तोंडून गोष्ट ओढून काढता येत नाही, वाट बघावी लागते.

हेंद्रेपाड्यावरून सहा आसनी रिक्षा मिळाली. उल्हास नदीचा पूल ओलांडला की इमारती विरळ होत जातात, जाहिरातींचे फलक संपतात आणि डोंगर सुरू होतात. बदलापूरला राहणाऱ्यांना हे डोंगर रोज दिसतात, म्हणून कुणी बघत नाही. नीट बघा एकदा. सगळे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. एक सपाट थर, मग कडा, मग पुन्हा सपाट थर. लाव्ह्याच्या चादरी एकीवर एक पसरत गेल्या आणि थंड झाल्या, त्या या पायऱ्या. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला परदेशातलं धुराडं आठवतं. पण अंबरनाथचं जुनं शिवमंदिर ज्या काळ्या दगडाचं, आमच्या सोसायटीच्या पायात जी खडी, ती त्याच आगीची. त्या रसात हवेचे बुडबुडे अडकले. दगड थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पाणी झिरपून झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक उगवले. कॉलेजात असताना मला याचं वेड होतं. शनिवार-रविवार हातोडी घेऊन डोंगर पालथे घालायचो.

रिक्षाने धरणाच्या पाण्यापाशी सोडलं. मे अखेर असल्याने पाणी पार खाली गेलेलं. काठावर भेगाळलेला गाळ, त्यात बुडालेल्या झाडांची खोडं, आणि मध्ये निळ्याशार पाण्याची पट्टी. समोरचा डोंगर त्यात उलटा दिसत होता, अगदी पायऱ्यांसकट. टपरीवर चहा घेतला. चहावाल्या बाई जांभळं विकत होत्या. वैशालीने शेवळं (पावसाच्या तोंडावर उगवणारी रानभाजी) आहेत का, विचारलं.

"अजून नाय, ताई. जमिनीतनं डोकं काढाया आठ दिस लागतील. आणि काकडाची आंबट फळं घातल्याबिगर खाशील तर घसा असा खाजंल, का नवऱ्याशी भांडाया आवाज ऱ्हायचा नाय."

"यांना तर काकडांशिवायही चालतील," वैशाली म्हणाली. "आवाज लागतो कुठे यांना?"

दोघी हसल्या. मी पाण्याकडे बघत होतो. तिथेच, त्या बाकड्यावर, मी वैशालीला अर्धी गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, वरच्या पठारावर माझा पाय मुरगळला. करवंदवाडी नावाची ठाकरांची वाडी आहे तिथे. तिथल्या हिरू नावाच्या माझ्याच वयाच्या माणसाने मला पाठीवर घेऊन घरी नेलं, चार दिवस ठेवलं. आणि निघताना मी त्याच्या घरातून हा दगड आणला.

"न विचारता?"

"न विचारता."

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं. गुपचूप ठेवून येऊ. उगाच या वयात शोभा नको."

मीही नेमकं तेच ठरवलं होतं. म्हणून उरलेली अर्धी गोष्ट सांगायची राहिली.

पठाराची चढण तासाभराची. कारवी वाळून तपकिरी झालेली, करवंदाच्या जाळ्या मात्र काळ्याभोर फळांनी लगडलेल्या. वैशालीने ओंजळ भरली, हात चिकाने चिकट करून घेतले, आणि वर पोचायच्या आत तिच्या सँडलचा पट्टा तुटला. खाली उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने न विचारता वेलीची साल सोलून तो बांधून दिला. "घरापत्तूर टिकंल," म्हणाला आणि गेला. तो पट्टा अजून तसाच आहे. दुरुस्त करायला ती देत नाही.

वर आलं की एकदम सपाट. वाऱ्याला अडवायला काही नाही. पठाराच्या मधोमध एक तळं, खडकातच खोलगट पडलेलं, मे महिन्यातही गुडघाभर पाणी राखणारं. त्याच्या काठी ऐनाचं झाड, झाडाखाली दगडी ओटा. ओट्यावर हळद लावलेला एक गोल दगड बसला होता. मी तो पाहिला आणि माझे पाय थांबले. हा मी ओळखत नव्हतो. माझ्या बॅगेतल्याच्या जागेवर हा बसवला होता.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी टॉवेल सोडला, दगड ओट्यावर ठेवला, वर ऐनाची पानं पसरली. घाम पुसला. सव्वीस वर्षांचं ओझं असं दोन मिनिटांत उतरतं, याचं मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

"झालं?" वैशालीने विचारलं.

"झालं. आता हिरूला भेटून जाऊ."

वाडी पंधरा-वीस घरांची. काहींवर पत्रे आलेत, एका घरावर डिशही आहे. हिरूचं घर मात्र तसंच, कुडाचं (कारवीच्या काठ्या विणून शेणाने लिंपलेल्या भिंतींचं). तो अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रिकाम्या बॅगेकडे.

"पाय बरा हाय का?" त्याने विचारलं.

सव्वीस वर्षांनी भेटलेल्या माणसाने एवढंच विचारलं. मी मान हलवली.

त्याची बायको गंगू बडबडी निघाली. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि करवंदाचं आंबट-तिखट कालवण वाढलं. वैशालीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरात शेणाचा आणि भाताचा वास होता. कोपऱ्यात कणगी (धान्य साठवायची बांबूची माणसाएवढी टोपली) उभी होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

"तुमचा तो देव कसला हो, तळ्याकाठी?" वैशालीने सहज विचारलं.

"पाहुणा," गंगू म्हणाली. "नाव नाय त्याला, आम्ही पाहुणाच म्हणतो. पीक निघालं का एका घरी कणगीत जातो, भातात. चार-सहा महिनं तिथंच निजतो. पेरणीच्या टायमाला भायेर काढायचा, तळ्यावर बसवायचा. आणि ज्या घरातनं निघाला त्या घरचं मूठभर बी समद्या वाडीच्या बियात मिसळायचं. मंग पेरायचं. दर वरसाला येका घराला मान."

"तुमचा कधी आहे?"

गंगूच्या हातातली पळी थांबली. हिरू दोर वळतच होता.

"आमचा नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं व्हता तवा हरवला. मी नवी नवरी व्हते. पेरणीला कणगी उपसली, तर पाहुणा नाय. तवापासून आमच्या घराला टाकून पुढं जातात. भांडण नाय, बोलणं बंद नाय. लगनाला बोलवतात, मरणाला येतात. पर आमचं बी कुणी मिसळून घेत नाय."

वैशाली माझ्याकडे बघत होती. मी चटणीकडे.

"आणि समजा सापडला तर?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "असाच एखाद्या दिवशी, तळ्यावर?"

गंगू हसली, पण ते हसू नव्हतं. "मंग तर झालंच. मंग म्हणतील, बघा, हिऱ्यानंच दडवला व्हता. इतकी वरसं नाय म्हणला, आन आता म्हातारपणी भ्याला, गुपचूप आणून ठेवला."

ताटावरून उठू नये म्हणतात. मी उठलो. हात न धुता धावत सुटलो. मागे वैशालीच्या तुटक्या सँडलचा फटफट आवाज येत होता.

धावताना मला ती उरलेली अर्धी गोष्ट आठवत होती. ती इथे लिहितो. तो दगड नुसता दगड नाही, हे मला माहीत होतं. चौथ्या दिवशी हिरूने कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाहुणा काढून माझ्या मांडीवर ठेवला. पेरणीला तळ्यावरच्या ओट्यावर बसतो, बाहेरच्याला दाखवायचा नसतो, म्हणाला. तुला दगडांची आवड हाय, म्हणून दाखवतो. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ते हिरवे स्फटिक पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी खालच्या गावात बैलगाडी बघायला तो बाहेर गेला आणि मी तसाच हात घातला. भात आत गार असतो, विहिरीच्या पाण्यासारखा. त्याचा देव, त्याचा विश्वास, चार दिवसांचं त्याचं मीठ, सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. तरी घेतला. कारण मला तो हवा होता. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधून पाहिलं. नाही सापडलं.

तळ्यावर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. दोन शेळ्या ओट्याशी उभ्या राहून मी पसरलेली ऐनाची पानं चवीने खात होत्या, आणि त्यांच्यामागे काठी टेकून एक वाकलेली म्हातारी उभी होती. भागीआजी. वाडीत सगळ्यांत वडील. शेळ्यांनी शेवटचं पान ओढलं आणि पाहुणा उघडा पडला.

आजीने वाकून दगड पाहिला. मग तिने माझ्याकडे न बघताच पलीकडे काम करणाऱ्या बायकांना हाक मारली, "अगं ए! हिऱ्याला बोलवा. त्याला म्हणावं, तुझा पाहुणा आला."

"आजी," मी म्हणालो. "आजी, हिरूने नाही. मी नेला होता."

माणसं जमली, आठ-दहा. हिरू आणि गंगू आले. मी सगळं सांगितलं. उभ्याने, चपला काढून, बिजागरीची मापं सांगावीत तसं सांगत गेलो, कारण दुसऱ्या तऱ्हेने मला येत नाही. पाय मुरगळला, चार दिवस राहिलो, सकाळी कणगीत हात घातला, मिळाला, नेला. आत्ता गुपचूप ठेवून निघालो होतो, तेही सांगितलं. हिरूने दाखवला होता, तेवढं गाळलं.

आजीने दगडावरून हात फिरवला.

"कुठं ठेवला व्हतास?" आजीने विचारलं.

"शोकेसमध्ये. काचेच्या कपाटात."

"भातात नाय?"

"नाही."

"येक दाणा पण नाय?" आजीचा चेहरा खरोखर दुखावला. "सव्वीस वरसं उपाशी ठेवलास रं त्याला?"

"मी पुसायचे हो दर शुक्रवारी," वैशाली मागून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला माहीत नव्हतं, पण पुसायचे."

"तू पुसलास बाय, म्हणून तर याचं घर उभं हाय."

मागे उभा असलेला एक जण पुटपुटला, "बदलापूरला फ्लॅट मिळाला पाहुण्याला. आपल्याला घरकुल पण मिळंना." त्यावर बायका फिसकन हसल्या, आणि आजीने काठी आपटताच गप्प झाल्या.

तेव्हा हिरू बोलला. "हा सांगत नाय ते मी सांगतो. कणगीत हाय, ह्ये याला कसं कळणार? मी दाखवला व्हता. भायेरच्याला. ह्ये सांगाया माझी जीभ कवा रेटली नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "बा माझा मरताना पण इचारत व्हता. हिऱ्या, कुठं ठेवलास? मी म्हनलं, ठाऊक नाय. तसाच गेला."

मी खाली बसलो. हिरू ओट्यापाशी गेला, दगड उचलला, स्फटिकांवर फुंकर मारली आणि परत ठेवला. मला तो माफ करेल असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही. माफी मागायला मी गेलोच नव्हतो, हे मात्र तिथे बसल्यावर कळलं.

निवाडा आजीने केला. नवा दगड उठवायचा नाही. दोघं शेजारी बसतील, गप्पा मारतील. येत्या मार्गशीर्षात मान हिरूच्या घराला. "पर," आजी म्हणाली, "पाहुणा ज्या घरात ऱ्हायला त्या घरचं मूठभर बी येतं. ही रीत. तुझ्या घरी ऱ्हायला. तुझ्या घरचं आण."

"आजी, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेत नाही मला."

"मी शेत इचारलं का? घरचं बी म्हनलं. पिकव आणि आण. त्याबिगर तो हिऱ्याच्या कणगीत जायचा नाय."

"आणि नाही पिकलं तर?"

"तर हिऱ्या आणखी येक वरीस थांबंल," आजी म्हणाली. "त्याला सवय हाय."

निघताना हिरू पठाराच्या कडेपर्यंत आला. कडेला थांबून त्याने कमरेची पुरचुंडी सोडली आणि माझ्या हातात दिली. भाताचं बी, त्याच्या कणगीतलं. "दोन दिस भिजव," एवढं म्हणाला. "मंग गोणपाटात बांधून ठेव. कोंब आला का टाक. पाणी तुंबवून ठेव. बादली असंल तर बादलीत."

मग वळून चालू लागला. दहा पावलांवर थांबून म्हणाला, "चिमण्यांना सांभाळ. लोंबी दुधात आली का त्या येतात."

उतरताना पाणी तांबूस झालं होतं. डोंगराच्या पायऱ्या एकेक करून सावलीत जात होत्या. वैशाली पुढे चालत होती. निम्म्या वाटेवर थांबून ती म्हणाली, "मला टपरीवर सगळं का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "सवय नाही."

"लावून घ्या."

"लावतो," मी म्हणालो.

शेठना सेल्फी पाठवली नाही. पण दुकानात गेल्यावर त्यांनी विचारलं, कैसा रहा, तेव्हा मी दुपारी जेवताना डबा उघडा ठेवून त्यांना सगळं सांगितलं. शेठ जेवायचे थांबले. संध्याकाळी त्यांनी रंगाच्या पाच रिकाम्या बादल्या माझ्यापुढे ठेवल्या. "एकात होणार नाय, साईं. मार्जिन ठेवायचं."

आता भाद्रपद आहे. बेलवलीच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही. दोन बादल्यांतलं पिवळं पडून गेलं. एकीत नुसती पानं आहेत. उरलेल्या दोन पोटरीला आल्यात. कणीस आत फुगलंय, अजून बाहेर यायचंय. वैशालीने जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवली आहे चिमण्यांसाठी. शोकेसमधली ती जागा रिकामी आहे. तिथे काही ठेवू नकोस, असं तिने मुलीला बजावलं आहे. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी मी त्या दोन बादल्यांपाशी बसतो. हिरूचं एक वर्ष त्यात आहे.

परवा शेजारच्या गॅलरीतून जोशीकाकू डोकावल्या. वीस वर्षं आमची भिंत एक आहे आणि आमचं बोलणं पाणी आलं का, गेलं का, एवढंच.

"अहो, हे गवत केवढं माजलंय! काढून टाका ना. डास होतात."

"गवत नाही, काकू. भात आहे."

"भात? गॅलरीत? आणि तो कशाला हो?"

पूर्वी मी 'असंच' म्हणालो असतो आणि आत गेलो असतो. मी जाळी नीट केली, हाताचा चिखल पुसला आणि म्हणालो,

"दार उघडं आहे, काकू. या, बसा. जरा वेळ लागेल सांगायला. मी एकदा एका माणसाच्या घरात चोरी केली होती."